पडद्याची मागची बाजू

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच नीट जमलं नाही. चौथीपर्यंत शिकले, त्यातली अर्धी चौथी धाकट्या भावंडांना सांभाळण्यात गेली. ही वही कोणी वाचावी म्हणून मी लिहीत नाही, पण चुकून कोणाच्या हाती लागली तर चुका पाहून रागावू नये. मला पडदेवाले काकांबद्दल लिहायचं आहे. लग्नानंतर मला पुन्हा पेन्सिल धरायला त्यांनीच लावलं. तेव्हा इथे जे वाकडंतिकडं दिसेल त्यातलं थोडं त्यांच्या नावावर घालावं.

पडदेवाले काका पिक्चर दाखवत, पण स्वतः कधी पाहत नसत. मशीन सुरू केली, भिंग फिरवून चित्र साफ केलं, की ते आपलं उंच स्टूल फिरवत आणि पडद्याकडे पाठ करून बसत. समोर बसलेल्या माणसांचे चेहरे पाहत राहत. त्या चेहऱ्यांवरून त्यांना कळायचं की आता मारामारी चालू आहे, आता हिरोची आई आजारी पडली, आता रीळ संपत आलं. बरोबर त्या वेळेला ते उठत. एकदा माझ्या सासऱ्यांनी त्यांना विचारलं, "तुम्ही काहून पाहत नाही गा?" तर म्हणाले, "पिक्चर मले पाठ झाला. माणसं दर शनिवारी नवीन असतात."

हे सगळं चालायचं पिवळ्या कोठीत. छिंदवाडा रस्त्याला, नागपूर जिथे संपत आलं असं तेव्हा वाटायचं तिथे ही कोठी होती. कोणी म्हणायचं भोसल्यांच्या एका सरदाराने बांधली, कोणी म्हणायचं इंग्रज साहेबाने. माझे सासरे तिथे माळी होते, आणि आम्ही कोठीच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. माझा नवरा नागपूरच्या दुसऱ्या बाजूला, वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला होता, आठवड्यातून दोनदाच घरी यायचा. कोठीच्या मालकीणबाई म्हाताऱ्या होत्या, वरच्या मजल्यावर एकट्या राहत. पिक्चरला त्यांनी एका अटीवर परवानगी दिली होती. पुरुषांनी पुढच्या हिरवळीवर बसायचं, बायांनी कोठीच्या ओसरीवर, आणि मध्ये पडदा. त्यांच्या सासूच्या काळात कोठीत नाटकं व्हायची, तेव्हा बाया चिकाच्या, म्हणजे बांबूच्या पडद्याच्या, मागे बसत. तीच रीत पुढे चालवायची, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणून पडदा ओसरीच्या दोन मोठ्या खांबांना बांधला जायचा. पुरुष पुढून पाहायचे, आम्ही मागून. मागून चित्र दिसावं यासाठी पडदा ओला करावा लागतो. कोरड्या कपड्यावर चित्र पुढेच राहतं, ओल्या कपड्यातून पलीकडे उतरतं. हे काम माझ्याकडे होतं. विहिरीचं पाणी भरलेल्या दोन बादल्या घेऊन मी पडद्यामागे उभी राहायची, आणि मगाने वरपासून खालपर्यंत पाणी मारायची. उन्हाळ्यात एका रिळातच पडदा सुकायचा. मग पलीकडून काकांचा आवाज यायचा, "सूनबाई, पाणी!" इतकंच. मी काही बोलायची नाही, पाणी मारायची. माझा स्वभावच तसा होता. दोन वर्षं सासरी होऊनही शेजारच्या बायांना माझा आवाज माहीत नव्हता. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमची सून मुकी नाही बरं, चांगली बोलते. फक्त कोणी ऐकून नाही राहिलं पाहिजे."

मागून चित्र उलटं दिसतं. पुढून जो उजव्या हाताने जेवतो तो आम्हाला डाव्या हाताने जेवताना दिसायचा. पण आम्ही सगळ्या तेच पाहत आलो होतो, त्यामुळे आमच्या लेखी हिरो लोक डावरेच असत. कोठीत दोन्हीकडच्या बाया यायच्या. आमच्याकडच्या मराठी बोलणाऱ्या, आणि छिंदवाड्याच्या रस्त्याने बैलबंडीत बसून येणाऱ्या हिंदी बोलणाऱ्या. पडद्यावरच्या बाईचा पदर त्यांच्याकडे घेतात तसा उजव्या खांद्यावर दिसला की हिंदीवाल्या खूश होऊन म्हणायच्या, "देखो, हमारे तरफ की है!" आमच्या बाया चिडायच्या. "तुमच्या तरफची कशी वं? पाहा तर कशी बोलून राहिली, शहरातली हाय." अर्धं पिक्चर या भांडणात जायचं. भांडत भांडत एकमेकींना मुरमुरे द्यायच्या.

काका मूळचे सावनेरकडचे. वडील मराठी बोलत, आई पलीकडची, हिंदी बोलायची. काकांच्या एकाच वाक्यात दोन्ही भाषा असत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. शर्टाच्या खिशात फुटाणे आणि गुळाचा खडा. शनिवारी दुपारी सायकलरिक्षात मशीनची पेटी आणि भोंगा ठेवून ते यायचे आणि रिक्षावाल्याला सारखं सांगत राहायचे, "हळू गा, हळू. आतमध्ये सवारी बसून आहे." मला बोलायला लाज वाटते हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. माझ्याशी काही बोलायचं असलं की ते तोंड दुसरीकडे करून बोलत, खांबाला सांगितल्यासारखं. "पडद्याची उजवी कोर उसवली वाटते," असं खांबाला सांगायचे आणि निघून जायचे. मी कोर शिवून ठेवायची.

आता त्या शनिवारचं लिहिते. तेच लिहायला मी बसले आहे.

जुना पडदा विरला होता. काका गांधीबागेच्या कापडबाजारात गेले आणि नवीन कपडा घेऊन आले. जाड, पांढराशुभ्र, कोरा. दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं की दुहेरी शिवा, चित्र असं ठळक उठेल की लोक बघतच राहतील. काका खांबाला म्हणाले, "दुहेरी शिवायचा आहे. टाके बारीक पाहिजे, नाही तर हिरोइनच्या तोंडावर रेघ दिसते." मी चार दिवस बसून हाताने तो पडदा शिवला. टाके इतके बारीक घातले की आत्याबाईंनीही नावं ठेवली नाहीत, आणि त्यांनी नावं ठेवली नाहीत म्हणजे पुष्कळच.

त्या शनिवारी देवीचं पिक्चर होतं. देवीचं म्हटल्यावर लांबून लांबून बाया आल्या. एरवी तीस-चाळीस असायच्या, त्या दिवशी ओसरी भरून पायऱ्यांपर्यंत बाया. काहींनी हार आणले होते, काहींनी नारळ. पुरुषांचं तिकीट पंचवीस पैसे आणि बायांचं पंधरा. बाया मागून पाहतात म्हणून कमी.

अंधार पडायच्या आधी मी बादली घेऊन पाणी मारायला लागले. पाणी कपड्यात शिरेना. अळूच्या पानावरून ओघळावं तसं ओघळून खाली गेलं. मी पुन्हा मारलं. पुन्हा तसंच. कपड्याला खळ होती, आणि त्यात तो दुहेरी. असा कपडा आधी दोन-चार पाण्यांतून काढावा लागतो हे मला माहीत होतं. शिवताना बोटांना खळ लागतही होती. पण मला वाटलं, काकांना माहीत असेल. ते या धंद्यातले, मी कोण?

भोंगा वाजला. पलीकडे पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे पडदा काळाच होता. कुठेकुठे थोडं उजळल्यासारखं वाटायचं, राखेखाली विस्तव असतो तसं, आणि मग तेही जायचं. बायांना वाटलं अजून सुरू व्हायचं आहे. मग देवीचा आवाज आला, राक्षसाचा आवाज आला, आणि काही दिसलं नाही.

माझ्या जवळच एक नवीन लग्न झालेली मुलगी बसली होती. हिरवं लुगडं, हातभर गोंदलेलं. कोपराच्या खाली नावसुद्धा गोंदलेलं होतं, मी कंदिलाच्या उजेडात एकेक अक्षर लावून वाचलं. रामप्यारी. ती आयुष्यात पहिल्यांदा पिक्चरला आली होती. तिने मला विचारलं, "दीदी, परदा कब उठेगा?"

तिला वाटत होतं की हा कपडा उठेल आणि त्याच्या मागे पिक्चर असेल. मी म्हटलं, "उठेगा."

मग मी बादली ठेवली आणि ओसरीच्या टोकाला गेले. तिथून तीन पायऱ्या उतरल्या की पुरुषांची हिरवळ. काका माझ्यापासून वीस पावलांवर होते. मी खांबाआडून पाहिलं. सगळ्या पुरुषांच्या तोंडांवर उजेड पडला होता, तोंडं उघडी, डोळे मोठे. खरंच चित्र ठळक उठलं असणार. काका स्टुलावर बसून ते चेहरे पाहत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. माझे सासरे दुसऱ्या ओळीत बसले होते. दीडदोनशे पुरुषांच्या पुढे जायचं आणि बोलायचं. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि परत घेतला. असं दोनदा झालं. मग मी मागे येऊन पुन्हा पाणी मारायला लागले. उपयोग नाही हे माहीत असून मारत राहिले.

बाया ओरडल्या असत्या तर? पण त्या ओरडल्या नाहीत. पुरुषांच्या मध्ये बाई ओरडते असं तेव्हा कोणी पाहिलं नव्हतं. शिवाय देवीचं पिक्चर. आरती सुरू झाली तेव्हा सगळ्याजणी उठल्या आणि त्या काळ्या कपड्यापुढे हात जोडून आरती म्हणायला लागल्या. हार खाली जमिनीवर ठेवले. पारबताबाई म्हणून एक म्हातारी होती, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती दर शनिवारी नुसती ऐकायला यायची. ती म्हणाली, "चला, आज सगळ्या माह्यासारख्या झाल्या." हसल्या तेवढ्यापुरत्या बाया.

पिक्चर संपलं. पुरुष घरी जायला उठले. काका मशीन गुंडाळत होते तेव्हा आत्याबाई पायऱ्या उतरून थेट त्यांच्यापुढे गेल्या. "काय गा पडदेवाले, आज आम्हाले कपडा दाखवाले बोलावलं होतं का?"

काकांना आधी समजलंच नाही. मग त्यांनी मशीन पुन्हा लावली, शेवटचं रीळ चढवलं, आणि स्वतः ओसरीवर आले. इतक्या वर्षांत पडदा लागल्यावर ते पहिल्यांदाच ओसरीवर आले होते. पडद्यासमोर उभे राहिले. कपडा काळा. खाली हार पडलेले. ते पायरीवर खाली बसले. तोवर लांबच्या बैलबंड्या निघून गेल्या होत्या. एकदम उठून ते फाटकापर्यंत धावत गेले, हाका मारल्या, पण रस्त्यावर घुंगरांचा आवाज होता तेवढाच.

परत आले तेव्हा मी बादल्या उचलत होते. त्या दिवशी ते खांबाशी बोलले नाहीत, माझ्याकडे पाहून बोलले. "सूनबाई, तुले मालूम होतं?"

मी मान डोलावली.

"मंग सांगतलं काहून नाही?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेवढं.  मग काका म्हणाले, "मी तरी कधी विचारलं? सात वरसात एकदा बी विचारलं नाही का मागे दिसून राहिलं का म्हणून. मी म्हणतो मी माणसं पाहतो. निम्मी माणसं माह्या पाठीमागं बसून होती."

दुसऱ्या दिवशी रविवारी ते सकाळीच आले. हातात एक नवी वही आणि पेन्सिल. ती वही त्यांनी आत्याबाईंच्या पुढे ठेवली आणि म्हणाले, "काल आलेल्या एकेकीचे पंधरा पैसे वापस करायचे आहेत. मले नावं माहीत नाहीत. तुम्हाले माहीत आहेत. आणि लिहिणार सूनबाई." आत्याबाई म्हणाल्या, "तिचं लिहिणं कोणाले वाचता येईल का?" काका म्हणाले, "मले येईल."

आठ दिवस आम्ही आठवून आठवून नावं लिहिली. बरोबर कोण कोणासोबत आली होती हे आत्याबाई सांगायच्या, मी लिहायची. काहींचं नाव नव्हतं, नुसती खूण. "बोरगावच्या पाटलाची मधली सून." "जिचा दात सोन्याचा." एकशे बारा बाया झाल्या. रामप्यारीचं नाव मी आपणहून लिहिलं, कारण ते मी तिच्या हातावर वाचलं होतं. गाव माहीत नव्हतं. पुढे लिहिलं, छिंदवाड्याकडची, हिरवं लुगडं.

आमच्या वस्तीतल्या बायांचे पैसे महिन्यातच पोचले. पण त्या शनिवारचा गल्ला पिक्चरच्या भाड्यात गेला होता, आणि लांबच्या गावांना सायकलने जावं लागायचं, म्हणून बाकीच्यांना वेळ लागला. आठवड्यातून एखादं गाव. परत आले की माझ्या वहीत नावावर रेघ मारायला सांगत आणि पुढे "पोचले" असं लिहायला लावत. स्वतः कधी रेघ मारत नसत. "तुह्या हातची यादी आहे, तुह्याच हाताने खोड."

काही बाया पैसे घ्यायला तयार नसत. देवीचं नाव कानावर पडलं, पैसे कशाचे, असं म्हणत. काका तुळशीपाशी पैसे ठेवून यायचे. एका गावात तर एका बाईचा नवरा काठी घेऊन मागे लागला. "माह्या बायकोले तू पैसे काहून देऊन राहिला बे?" काकांनी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा, म्हणजे ती पिक्चर पाहाले गेली होती? मले तर सांगून गेली का मावशीकडे चालली!" काका आम्हाला हे सांगून पोट धरून हसले. "पंधरा पैसे देऊन मी त्या बाईचं शंभराचं नुकसान केलं."

तो पडदा मी चांगला धुतला, उसवून एकेरी केला, आणि पुढच्या शनिवारी काकांनी नवीन रीत काढली. पिक्चर सुरू झाल्याबरोबर ते पलीकडून मोठ्याने विचारायचे, "मागे दिसून राहिलं का वं?" आणि मी उत्तर द्यायचं. मला तोंडाने जमेना. म्हणून त्यांनीच सांगितलं, "बादली वाजव. एकदा वाजवली म्हणजे दिसते, दोनदा वाजवली म्हणजे नाही." पुढची कितीतरी वर्षं मी बादलीवर मग मारून उत्तर देत राहिले. दीडदोनशे पुरुष थांबून बादलीची वाट पाहायचे. सुरुवातीला हसायचे, मग त्यांनाही सवय झाली. बादली वाजल्याशिवाय काका स्टुलावर बसत नसत.

मालकीणबाई वारल्यावर काकांनी एकदा आणखी एक केलं. बायांना हिरवळीवर बसवलं आणि पुरुषांना ओसरीवर, मागे. पुरुष कुरकुरले. काका म्हणाले, "तिकीट पंधरा पैसे घ्या ना मंग, दहा पैसे वाचून राहिले तुमचे." आम्ही बाया पहिल्यांदा सरळ पिक्चर पाहायला बसलो. सुरू झालं आणि दोन मिनिटांत गलका झाला. "हे उलटं लागलं गा पडदेवाले! हा उजव्या हाताने जेवून राहिला!" "हिचा पदर पाहा वं, तिकडे कसा गेला?" काकांनी किती समजावलं की हेच सरळ आहे, आजवर तुम्ही उलटं पाहत होता. आत्याबाई म्हणाल्या, "वीस वर्षं जे पाह्यलं ते उलटं, आणि आज जे एकदा दाखवलं ते सरळ? राहू द्या, आम्हाले आमचं बरं." पुढच्या शनिवारी बाया आपणहून ओसरीवर जाऊन बसल्या. काका म्हणाले, "ठीक आहे. पण जागा तुमची तुम्ही निवडली, हे लक्षात ठेवजा." तेव्हापासून त्यांनी बायांचं आणि पुरुषांचं तिकीट सारखं केलं. त्यावरही भांडण झालं, पण ते काकांनी जिंकलं.

मग चौकातल्या दुकानात टीव्ही लागला. आधी लोक गंमत म्हणून जायचे, मग शनिवारी कोठीत माणसं कमी झाली. काका चेहरे पाहायला बसायचे तर मध्ये मोकळी हिरवळच जास्त दिसायची. कोठी विकली गेली. आम्ही वाडीला भाड्याच्या खोलीत आलो. सासरे आधीच गेले होते, आत्याबाई त्या वर्षी गेल्या.

एका दुपारी काका सायकलने वाडीला आले. खूप वाळले होते. मफलर तीच. मी चहा ठेवला. त्यांनी सवयीने दरवाजाच्या चौकटीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "एकशे अकरा झाले. एक राहिली." कोण ते मला माहीत होतं. वही माझ्याकडेच होती, रोज उघडून पाहत नसले तरी.

"तीन-चार वेळा गेलो तिकडे. रामप्यारी नावाच्या नऊ बाया भेटल्या. एकीने बी म्हटलं नाही का मी होती म्हणून." त्यांनी खिशातून एक छोटी पुरचुंडी काढली. त्या जुन्या पडद्याचाच तुकडा होता, त्यात दहा पैशाचं एक नाणं आणि पाच पैशाचं एक. "हे तू ठेव. आता माह्याने सायकल होत नाही. घरी नको ठेवू, जवळ ठेव. अशी माणसं घरी बसून सापडत नाहीत."

मी म्हटलं, "काका, चुकी माझी होती." त्यांच्याशी मी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य असेल. त्यांनी चौकटीकडून तोंड फिरवून माझ्याकडे पाहिलं. "निम्मी," ते म्हणाले. "निम्मी माही. म्हणून तर निम्मं काम तुले देऊन राहिलो." चहा प्यायले, माझ्या थोरल्या मुलीच्या हातावर फुटाणे ठेवले आणि गेले. दोन महिन्यांनी कळलं, सावनेरला बहिणीकडे होते, तिथेच वारले. मशीन त्यांनी आधीच कोणाला तरी देऊन टाकली होती.

पुरचुंडी मी बटव्यात ठेवली. बाजाराला जाताना, लग्नाला जाताना, दवाखान्यात, सगळीकडे ती माझ्याबरोबर असायची. नवरा म्हणायचा, पाच पैशाला आता कोणी विचारत नाही. मी बटवा कमरेला खोचून निघायची.

थोरलीचं लग्न ठरलं त्या वर्षी आम्ही मायलेकी सीताबर्डीला गेलो. पोरीला चुड्या भरायच्या होत्या. चुडीवाल्याच्या ओट्यापाशी गर्दी होती. आमच्या पुढे एक बाई बसली होती, चुडीवाला तिच्या हातात हिरव्या चुड्या चढवत होता. तिच्या हातावर कोपरापर्यंत गोंदलं होतं. चुड्या वर सरकल्या तेव्हा खाली अक्षरं दिसली. मी एकेक अक्षर लावून वाचलं.

पैसे देऊन ती उठली. मी उठले नाही. काय म्हणायचं, कसं म्हणायचं, ती नसली तर, लोक काय म्हणतील, हेच डोक्यात. तितक्यात ती गर्दीत शिरली. हिरवी नाही, लाल साडी होती आता. व्हरायटी चौकाकडे बस उभी होती, ती त्या बसकडे चालली. चार पावलं, आठ पावलं. तिची पाठ दिसत होती.

मी ओरडले. "रामप्यारीबाई! ओ रामप्यारीबाई! छिंदवाडेवाली!"

आख्खा रस्ता वळून पाहायला लागला. चुडीवाल्याच्या हातातली चुडी फुटली. माझी पोरगी माझ्याकडे अशी पाहत होती जशी मी कोणी दुसरीच आहे. आईचा इतका मोठा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता, मीही नव्हता ऐकला. पण रामप्यारी थांबली.

मी धावत तिच्यापर्यंत गेले. दम लागला होता. मोडक्यातोडक्या हिंदीत तिला सांगितलं. पीली कोठी, देवी का पिक्चर, काला परदा. ती आधी घाबरली, मग एकदम तिचे डोळे मोठे झाले. "पानी वाली दीदी?"

"हाँ."

"अरे, वो परदा तो उठा ही नहीं!"

"नहीं उठा," मी म्हटलं. "मैंने झूठ बोला था. मुझे मालूम था, नहीं उठेगा."

ती हसायला लागली. "मैंने तो गाँव में सबको बताया था, पिक्चर ऐसाच होता है. अंधेरे में बैठो, हाथ जोड़ो, भगवान बोलता है. बाद में असली देखा तो सास बोली, तेरा वाला अच्छा था."

मी पुरचुंडी सोडून दोन्ही नाणी तिच्या हातावर ठेवली. हे कोणाचे, कशाचे, ते सांगितलं. पडदेवाले काका गेले तेही सांगितलं. ती नको म्हणेल असं मला वाटलं होतं, पण तिने नाही म्हटलं नाही. नाणी उलटसुलट करून पाहिली, पदराच्या टोकाला बांधली, वर दोन गाठी मारल्या. बसवाला ओरडत होता, ती चढली आणि खिडकीतून म्हणाली, "उनको बोलना, मिल गए." मग तिला आठवलं आणि तिने जीभ चावली.

घरी येऊन मी वही काढली. रामप्यारी, छिंदवाड्याकडची, हिरवं लुगडं. त्यावर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, पोचले. एकशे बारापैकी एकशे बारा.